छत्तीस फोटो, माणूस एकही नाही

माझा स्वभाव मुळात संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाकोणावर आळ घेतला ते वाचून कोणाला धक्का बसायला नको. दूधवाल्याने दारात पिशवी ठेवली की मी आधी तिचे चारी कोपरे दाबून बघायचे. भाजीवालीने न मागता कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त दिल्या की मला वाटायचं, मेथी नक्की कालची असणार. आई म्हणायची, "तुला देवाने प्रसाद दिला तरी तू वास घेऊन खाशील." खाईन की! प्रसादाचा शिरासुद्धा आंबतो.

अशा बाईच्या हातात कॅमेरा आला. भाऊ मस्कतला होता, त्याने सुट्टीवर येताना माझ्यासाठी जपानी कॅमेरा आणला, काळ्या चामडी कव्हरातला. आम्ही तेव्हा सानपाड्याला नवीनच राहायला आलो होतो. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. नवरा महाप्याच्या एका रंगाच्या कंपनीत तपासणी खात्यात होता. दिवसभर भरलेले डबे उलटेसुलटे करून कुठे पोचा आलाय, कुठे ओरखडा पडलाय ते शोधायचं, हे त्याचं काम. मी वाशीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंग करायचे, म्हणजे सरांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचा. नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणायचे आणि मनात 'अरे'. इथे मनातलंच लिहिते.

कॅमेरा दाखवायला ऑफिसात नेला तेव्हा सरांनी मला एकच गोष्ट सांगितली. इमारतीचा फोटो काढायचा असेल तर माणूस निघून जाईपर्यंत थांबायचं. फोटोत माणूस आला की बघणारा माणसाकडेच बघतो. त्याने शर्ट कुठला घातलाय, त्याचं पोट सुटलंय का, हेच. इमारत राहते बाजूला. मला ते इतकं पटलं की मी ते व्रतासारखं धरलं.

आता त्या काळात रोल म्हणजे काय चीज होती ते आठवा. छत्तीस फोटोंचा एक रोल लोक बारशापासून दिवाळीपर्यंत पुरवायचे. एकेक फोटो मोजूनमापून निघायचा आणि त्यात माणूस हवाच हवा, जमलं तर चार. देवळासमोर बायको, धरणासमोर मुलं, पुतळ्यासमोर सासरे. मागची वास्तू म्हणजे नाटकातला पडदा. नुसत्या भिंतीचा फोटो काढून रोल वाया घालवणारं माणूस आमच्या दोन्ही घराण्यांत मी पहिलंच.

आम्ही विजापूरला गेलो तेव्हा नवऱ्याने खिशातून कंगवा काढून भांग पाडला आणि गोल घुमटासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. मी म्हटलं, "अहो, जरा बाजूला होता का? दार झाकलं जातंय." तो झाला बाजूला. पुढच्या ठिकाणी त्याने कंगवा काढलाच नाही. मला वाटलं, चला, समजूतदार आहे. नाशकात मावसबहिणीच्या लग्नाला गेले तर मी गोदाकाठची देवळं काढत बसले आणि अक्षता पडेपर्यंत रोलच संपला. सासूबाईंनी विचारलं, "नवरीचा एखादा तरी?" मी म्हटलं, "राहिला." त्यावर घरी येईपर्यंत एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली नाही.

मग प्रवासाला लांब जायची गरजच उरली नाही. आमच्या इथेच एकेक स्टेशन उभं राहत होतं. मुंबईच्या स्टेशनांसारखी पत्र्याची शेड आणि तिकिटाची खिडकी असलं काही नव्हतं हे. केवढाले काँक्रीटचे खांब, डोक्यावर तीन मजले उंच छत, रुंद जिने, आणि माणसं अजून राहायलाच आली नव्हती म्हणून सगळं मोकळं. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, बेलापूर. दर रविवारी एक ठिकाण धरायचं, सकाळच्या उन्हात निघायचं, दुपारी जेवायला घरी. लोक अजिंठा-वेरूळला जायचे. मी सानपाड्याहून जुईनगरला जायचे, आणि मला तोही प्रवासच वाटायचा.

नवरा माझ्याबरोबर नसायचा, कारण त्याच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी. रविवारी सकाळी तो डबा घेऊन बस पकडायला जायचा आणि मी कॅमेरा घेऊन स्टेशनला. तो विचारायचा, "आज कुठे?" मी म्हणायचे, "जुईनगर. स्टेशनचे फोटो काढायला." तो नुसता "बरं" म्हणायचा. खरं तेच सांगत होते मी. मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जाते म्हटलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

बाहेर तर काय, जो तो संशयाने बघायचा. मुंबईत बॉम्बस्फोट होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. बेवारस पिशवीला हात लावू नका, अनोळखी माणसावर लक्ष ठेवा, असे कागद खांबाखांबावर लागलेले. त्यात एकटी बाई, गळ्यात कॅमेरा, जिन्याखाली बसून वर बघतेय! स्टेशनवरचा शिपाई दर वेळी विचारायचा, "कुठल्या पेपरातून आलात?" पेपरातून नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा आणि मग तो मी जाईपर्यंत माझ्यामागे दहा पावलांवर उभा राहायचा. मला त्याचाच संशय यायचा. कॅमेऱ्यावर डोळा असेल तर?

एकदा जुईनगरला गावाच्या बाजूने स्टेशन कसं दिसतं ते बघायला गेले. तिथे एक म्हातारी आगरीण दारात सुकी मासळी पसरत होती. कमरेवर हात ठेवून ती उभीच राहिली. "कनाचा फोटू कारतेस गो? सर्व्हेवाली हायेस काय?"

"नाही हो आजी, स्टेशनचा काढते."

"ठेसनाचा? ठेसनानी काय हाय बगन्यासारका?" तिने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आमचे जमिनी गेल्या तवा पन असाच एक आयलेला. फोटू कारून गेला. मंग नोटीस आयली. जा बाय, जा. दुसरीकरं जा."

मी गेले. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. फोटो काढून गेलेल्या माणसाच्या मागून नोटीस येते हे तिने स्वतः अनुभवलं होतं, आणि माझ्या मागून काय येईल हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

रोल मी वाशीच्या एका फोटो स्टुडिओत टाकायचे. सोमवारी ऑफिसला जाताना द्यायचा आणि शनिवारी परत येताना पाकीट घ्यायचं. स्टुडिओवाला गोड बोलणारा होता, आणि गोड बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास नसतो. पहिल्यांदाच तो म्हणाला, "मॅडम, माणसं विसरलात काय काढायला?" आणि खो खो हसला. पुढे पुढे तो हसेनासा झाला. पाकीट देताना माझ्याकडे न बघता गल्ल्याकडे बघायचा.

मग माझ्या लक्षात आलं की पाकीट कोणीतरी आधी उघडलेलं असतं. त्याची चिकटपट्टी एकदा सोडवून पुन्हा दाबलेली. आतले फोटो ज्या क्रमाने मी काढले त्या क्रमाने नसायचे. एकदा तर वाशी स्टेशनच्या छतावर कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा सापडला. डोक्यात तिडीक गेली माझ्या! मी तिथल्या तिथे विचारलं, "माझे फोटो तुम्ही बघता का हो?" तो म्हणाला, "धुताना बघावेच लागतात ना मॅडम." बोलायला जागाच ठेवली नाही मेल्याने. पण मी मनात पक्कं केलं, हा माझे फोटो कोणाला तरी दाखवतो. सरांच्या धंद्यातल्या कोणा दुसऱ्याला असेल. नाहीतर विकतही असेल.

मी स्वतः मात्र ते कोणालाच दाखवत नव्हते. एकदा सरांना दाखवले, त्यांनी फोनवर बोलता बोलता पत्त्यांसारखे पिसले आणि "छान, छान" म्हणून परत दिले. शेजारणीला दाखवले तर ती म्हणाली, "अय्या, आणि तुमचे कुठेत?" नवऱ्याला दाखवायचं मनात यायचं, पण त्याने कधी "बघू" म्हटलं नाही, आणि मागितल्याशिवाय दाखवणं माझ्या मानी स्वभावात बसत नव्हतं. फोटो घरी आले की बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचे.

असं सात-आठ महिने चाललं. शेवटचा रोल मी पुलांचा काढला होता. वाशी गावाच्या बाजूने खाडीच्या काठाशी उभं राहिलं की रस्त्याचा जुना पूल, त्याच्या शेजारी बांधकाम चालू असलेला नवा पूल आणि पलीकडे रेल्वेचा, असे तीन एका नजरेत यायचे. ओहोटी होती. चिखलात रुतलेले खांब इतके उघडे, इतके स्पष्ट दिसत होते की मी अर्धा रोल त्यांच्यावरच संपवला. बाकी अर्धा सानपाडा स्टेशनच्या जिन्यावर.

पाकीट घ्यायला गेले त्या शनिवारी स्टुडिओवाला म्हणाला, "अजून झालं नाही." सोमवारी गेले, तरी झालं नाही. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले तर दारात एक हवालदार उभा. "मॅडम, कॅमेरा घेऊन जरा चौकीत या. साहेबांनी बोलावलंय." समोरच्या ब्लॉकचं दार बोटभर उघडलं आणि तसंच राहिलं.

चौकीतला सब-इन्स्पेक्टर वयाने माझ्याएवढाच असेल. त्याने टेबलावर माझे फोटो मांडून ठेवले होते, सहा-सहाच्या ओळीत, कोणी पत्रिका जुळवायला बसावं तसे. म्हणाला, "बसा. हे तुम्ही काढले?"

"हो."

"पुलाजवळ बोर्ड वाचला नाही? फोटो काढायला मनाई आहे."

"मी पुलावर नव्हते साहेब. खाली गावाच्या बाजूला होते."

"आणि हे स्टेशन? हे खांब, हे जिने? मोजून बघितले मी. छत्तीस फोटो, माणूस एकही नाही." त्याने खुर्ची पुढे ओढली. "ताई, आमच्याकडेपण कॅमेरा आहे. आमची मिसेस फोटो काढते तर पोराचे काढते. घरच्या कुत्र्याचे काढते. नुसते खांब कोण काढतं?"

मी म्हटलं, "मला आवडतात."

"कोणासाठी काढता?"

"कोणासाठी नाही."

"कोण बघतं हे?"

आणि इथे माझी बोबडी वळली. खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी नाव कोणाचं घेणार होते? मी म्हटलं, "कोणीच बघत नाही."

"मग काढता कशाला?"

त्याच्या आवाजात दमदाटी नव्हती. त्याला खरोखरच कळत नव्हतं, आणि दोन वर्षांपूर्वी शहरात जे झालं त्यानंतर त्याला न कळणाऱ्या गोष्टीचा संशय येणारच. मला रडू फुटलं. त्या माणसापुढे रडले याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी त्याने सांगितलं ते असं. कॅमेरा आणि घरातल्या सगळ्या निगेटिव्ह चौकीत जमा करायच्या. उद्या अकरा वाजता मिस्टरांना घेऊन यायचं. त्यांनी जबाब द्यायचा, की हा बाईंचा छंद आहे, हे फोटो मला माहीत आहेत, मी ते पाहिलेले आहेत. तसा जबाब मिळाला तर प्रकरण इथेच संपलं. नाहीतर कागद वर जातील आणि ऑफिसात चौकशी येईल.

ऑफिसात चौकशी म्हणजे नोकरी संपली. सरांकडे अर्धी कामं सरकारी होती. पोलिसांत नाव गेलेली बाई ते एक दिवससुद्धा ठेवणार नव्हते. कॅमेरा, आठ महिन्यांचं काम आणि नोकरी, सगळं आता नवऱ्याच्या एका जबाबावर अडकलं होतं. आणि त्याने तर, माझ्या माहितीप्रमाणे, एकही फोटो बघितलेला नव्हता.

घरी परतताना माझ्या डोक्यात एकच, चुगली केली कोणी? सुतावरून स्वर्ग गाठायला मला वेळ लागत नाही. जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. गच्चीवर वाळवण घालण्यावरून त्यांचं माझं आधीच वाजलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "काय वहिनी, पोलीस आलेले म्हणे?" बस्स. मी तिथेच सुरू झाले. "तुम्हीच पाठवलेत ना? कुरडयांचा राग असा काढलात होय? आयाबायांवर पोलीस घालता, लाज नाही वाटत?" ते बिचारे हातात नारळाची पिशवी घेऊन जिन्याच्या भिंतीला टेकले. "अहो वहिनी, मी आत्ता गावाहून येतोय," एवढंच म्हणत राहिले. मागच्या ब्लॉकमधल्या दोघीतिघी बाहेर आल्या. मी त्यांच्याकडेही अशा नजरेने पाहिलं की त्या परत आत गेल्या.

नवरा सात वाजता आला. मी चहा टाकला आणि सगळं सांगितलं. चौकी, पूल, छत्तीस फोटो, उद्या अकरा वाजता. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, घाबरला. मी म्हटलं, "त्या सेक्रेटरीचंच काम आहे. नाहीतर स्टुडिओवाल्याचं. पण स्टुडिओवाल्याला मी काय केलंय?"

त्याने बशी खाली ठेवली. म्हणाला, "सेक्रेटरींचं नाही."

"मग?"

"स्टुडिओवाल्यानेच सांगितलं असणार. पण ते माझ्यामुळे."

मला काही कळेना. त्याने सांगितलं ते खाली बघून, एका दमात सांगितलं. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, मी ऑफिसात असताना तो स्टुडिओत जायचा. माझं पाकीट मागून घ्यायचा आणि काउंटरशी उभा राहून सगळे फोटो बघायचा. पहिल्या रोलपासून. गेल्या शुक्रवारी स्टुडिओवाल्याने त्याला विचारलं होतं, "साहेब, तुम्ही दर वेळी मॅडमच्या आधी येऊन बघता. काही गडबड आहे काय?" आणि हा शहाणा म्हणाला होता, "तेच तर शोधतोय." त्या रोलमध्ये होते पूल. स्टुडिओवाला घाबरला असणार. त्याच्या जागी मी असते तर मीही चौकी गाठली असती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या सोसायटीवर मी आग पाखडून आले आणि चोर माझ्याच घरात चहा पीत होता.

"काय शोधत होता?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कोणी बरोबर असेल तर दिसेल असं वाटलं."

"कोणी म्हणजे?"

त्याने बशी जरा लांब सरकवली.

"बोला ना! कोणी म्हणजे?"

"तू दर रविवारी जायचीस. स्टेशनचे फोटो काढते म्हणून कोण जातं? आणि नवी चप्पल घालून जायचीस. स्टेशनच्या फोटोला नवी चप्पल कशाला?"

"अहो, जुनी चावते म्हणून!"

मी ओरडले ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार. इतका संताप मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही. दुधाच्या पिशवीवर संशय घेणारी बाई मी, पण नवऱ्यावर मी कधी घेतला नव्हता. शुक्रवारी तो घरी एकटा काय करतो, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. त्या क्षणी मला याचीही लाज वाटली, की अख्ख्या जगावर पहारा ठेवला आणि नेमकी हीच खिडकी उघडी टाकली. मी स्वयंपाकघरात गेले, पोळ्या केल्या, त्याला वाढलं आणि स्वतः जेवले नाही.

सकाळी आम्ही चौकीत गेलो ते एकाच रस्त्याने पण दोन कडांनी. तो डाव्या, मी उजव्या. हातात बिस्किटांचा डबा, त्यात सगळे फोटो आणि निगेटिव्ह. माझ्या मनात येत होतं, हा तिथे जाऊन काय सांगेल? संशय घेतला म्हणून सांगेल? काही माहीत नाही म्हणेल? कालचं आठवलं की वाटायचं, म्हणेलही.

सब-इन्स्पेक्टरने त्याला समोर बसवलं. "मिस्टर तुम्ही? हे फोटो माहीत आहेत तुम्हाला?"

"हो."

"सगळे म्हणतात तसं." त्याने डब्यात हात घालून मधूनच एक फोटो काढला आणि मागची कोरी बाजू माझ्याकडे करून नवऱ्यापुढे धरला. "हे कुठलं?"

नवऱ्याने फोटो हातातसुद्धा घेतला नाही. "बेलापूर. स्टेशनच्या आतून. वरून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली आलंय. याच्याच पुढचा एक आहे, त्यात पट्टे सरकलेत. म्हणजे ही तिथे तासभर तरी थांबली असणार."

तासभर नाही, दीड तास थांबले होते मी.

दुसरा फोटो निघाला. "नेरूळ. मागच्या बाजूने. हा थोडा हललाय." तिसरा. "जुईनगर. हा लांबून घेतलाय, गावाच्या बाजूने. घाईत काढलाय, खालची कड तिरकी आहे." चौथा, पाचवा. कुठलं स्टेशन, सकाळ की दुपार, आधीचा कोणता, नंतरचा कोणता. सब-इन्स्पेक्टर हळूहळू फोटोकडे बघायचं सोडून नवऱ्याकडे बघायला लागला. मी तर कधीपासून त्याच्याकडेच बघत होते. त्याने कधी माझ्या नव्या पडद्याचा रंग ओळखला नव्हता.

मग पुलांचे निघाले. नवरा म्हणाला, "साहेब, हे पुलावरून नाहीत. खांब खालून दिसतायत बघा, आणि पुढे चिखलात होडीची दोरी आहे. वाशी गावाकडून काढलेत." सब-इन्स्पेक्टरने भिंग मागवलं आणि होडीची दोरी शोधली. ती मलाही ठाऊक नव्हती.

शेवटी सानपाड्याच्या जिन्याचे तीन आले. एकच जिना, तीनदा काढलेला. सब-इन्स्पेक्टर म्हणाला, "आता ह्यात फरक तो काय?"

"पहिला ठीकठाक आहे," नवरा म्हणाला. "दुसऱ्यात सावली मधेच तुटते. तिसरा चांगला आहे. इतक्या महिन्यांत काढलेल्या सगळ्यांत तोच चांगला आहे."

तिसराच चांगला होता. फोटो डोळ्यांनी बघायच्या आधीपासून, कळ दाबली तेव्हापासून मला माहीत होतं की तिसरा चांगला आहे, आणि मी ते जगात कोणाला सांगितलं नव्हतं.

जबाब लिहिला गेला. 'सदर छायाचित्रे माझ्या पत्नीने छंद म्हणून काढलेली असून ती मी वेळोवेळी पाहिलेली आहेत.' वेळोवेळी! हवालदाराने तो शब्द लिहिला तेव्हा मला हसू आलं आणि मी ते खोकल्यात लपवलं. सही झाली. पुलांच्या निगेटिव्ह कात्रीने कापून ठेवून घेतल्या, बाकीच्या परत दिल्या. कॅमेरा दिला. सब-इन्स्पेक्टर जाताना म्हणाला, "ताई, कशाला म्हणालात कोणी बघत नाही? मिस्टरांना तर पाठ आहेत."

बाहेर ऊन होतं. मी डबा आणि कॅमेरा घेऊन पुढे चालत होते, तो मागे. माफ केलं नव्हतं मी. आजही विचाराल तर पूर्ण केलेलं नाही. नवी चप्पल घेतली की अजून मला ते आठवतं. पण एक गोष्ट पोटात राहीना. सर "छान, छान" म्हणाले होते. शेजारणीने मला शोधलं होतं. आठ महिने एकेक फोटो डोळ्यांत तेल घालून बघणारा एकच माणूस होता, आणि त्याला काहीतरी विचारल्याशिवाय मला पुढचं पाऊल टाकवेना.

मी थांबले. तो जवळ आला. मी विचारलं, "तिसरा का चांगला वाटला?"

तो विचारात पडला. डब्यावरचा ओरखडा शोधताना पडत असेल तसा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यात कोणाला लपायला कुठे जागाच नव्हती."

मी रस्त्यातच रडायला लागले. तो घाबरून माफी मागत राहिला, पुन्हा पुन्हा, लोक बघतायत म्हणत राहिला. त्याला वाटलं मला ते लागलं. लागलं तर होतंच. पण तो फोटो मलाही अगदी त्याच कारणासाठी आवडला होता, हे त्याला सांगायला माझ्या तोंडून शब्द फुटेना.